वेलांटी आधी

अवघड आहे का, विचारतोस, मुबारक.
मंगळवारी दुपारी सम्मेदनं पेनड्राइव्ह लावला,
चहा निवायच्या आत जुनं सगळं गेलं,
नवा पडदा आला, निळसर, रिकामा,
कोपऱ्यात घड्याळ.
तासाभराचं काम. त्याला अवघड म्हणत नाहीत.

कंपनीनं कळवलं होतं, हे मशीन आता चालायचं नाही.
चालत तर होतं.
उद्यमनगरातल्या लेथसारखं ओरडत, पण चालत होतं.
नव्याला चाळीस हजार कुठनं आणू?
एक पत्रिका अकरा रुपयाला देतो आम्ही, कागदासकट.
सम्मेद म्हणाला, काकी, एक सिस्टीम आहे, फुकटातली.
फुकट म्हटल्यावर मी आधी दचकलो,
मग हो म्हणालो.

बटणं सापडली. फोल्डर सापडले.
प्रिंटर तीन दिवस रुसला
आणि चौथ्या दिवशी तालमीची पावतीपुस्तकं
मुकाट्यानं छापून दिली.
अडलं ते भलतीकडंच.

अठ्ठावीस वर्षं ऱ्हस्व वेलांटी आधी मारतो मी, मग अक्षर.
पापाच्या तिकटीजवळच्या क्लासात
होनगेकर बाईंनी पट्टी मारून शिकवलेलं.
हे नवं म्हणतंय, आधी अक्षर. वेलांटी मागनं.
'निमंत्रण' लिहायला गेलो
तर वेलांटी एकटीच ठिपक्यांच्या गोलावर लटकली,
खाली अक्षरच नाही,
नवरदेव न आलेल्या मांडवासारखी.
विवाह. तिथी. रविवार. ठिकाण.
पत्रिकेत इतक्या ऱ्हस्व वेलांट्या असतात
हे मला पन्नाशीत कळालं.

सासरी आलो तेव्हा मी नाशिकची,
'येते' म्हणायची.
मालूताई नेजदार पायरीवरनं हसायच्या,
बघा, पुस्तकातली सून आली.
इथल्या बायका 'येतो' म्हणतात, 'जातो' म्हणतात,
हे तुला काय सांगायचं.
माझं 'येते' कधी गेलं कळालं नाही,
कुणी पेनड्राइव्ह लावला नव्हता.
एकदा फोनवर आई म्हणाली, कोण बोलतंय?
तेव्हा समजलं, झालंय.

तसंच हेही होईल म्हणून बसून राहिलो.
काल जुन्या फाइली उघडल्या.
मराठी गायब.
नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के,
पोतं उसवून शेंगा सांडल्यासारखं.
सम्मेद म्हणाला, तो फॉन्ट इथं नाही काकी,
हे आता कुणाला वाचता यायचं नाही.
म्हटलं, थांब.
त्या फॉन्टात जी कळ तेच अक्षर.
एकेका खुणेवर बोट ठेवत गेलो, न दाबता,
आणि बोटांनी वाचलं:
चि. सौ. कां. सुलक्षणा.
सोमवार, सकाळी अकरा पस्तीस.
सन दोन हजार चार. तीनशे पत्रिका.
न्यायला कुणी आलंच नाही.
पाचशे आगाऊ, बाकी अजून येणं आहे.
गठ्ठा तीन पावसाळे माळ्यावर होता,
मग रद्दीवाल्याला दिला, तेही आठवलं.

सम्मेद विचारत होता, कोण ही?
मला काय माहीत.
मी फक्त तिच्या नावाची वेलांटी मारली होती,
आधी.

तर अवघड नाही रे, मुबारक. येतं.
पंधरा दिवसांत हात वळतील,
वेलांटी आपोआप मागनं पडायला लागेल.
त्याचंच जरा भ्या वाटतंय.

म्हणून रात्री मशीन बंद केल्यावर
काळ्या पडद्यासमोर दोन ओळी
जुन्या हातानं मारून घेतो.
काही उमटत नाही. खटखट तेवढी.
मग शटर ओढतो,
पायरीवर मालूताई असतातच,
त्यांना म्हणतो, येतो.