अवस्था : बरी

ग्दिन्याच्या बंदरावर मी तीस वर्षं पोती मोजली.
माझ्या मोजणीत एक पोतं कधी इकडचं तिकडं झालं नाही,
हे आधीच सांगून ठेवते. पुढे लागेल.

निवृत्तीच्या पैशातून घेतला
बंद पडलेल्या एका टपरीचा माल :
दोनशे बारा बोलकी पोस्टकार्डं.
समोर धक्का, गुलाब, नाहीतर मांजर,
चित्रावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा,
पापुद्र्यात खाचा, खाचांत एक गाणं.
आमच्या तरुणपणी लोक पत्राऐवजी हे धाडायचे.
सुई टेकवली की
पोटाला भोक पडलेली मांजर गायची.

सात आठवडे ऑनलाइन मांडून बसले, भवानी नाही.
मी लिहिलं होतं : जुनं कार्ड. छान आहे.

भाचा कायेतान आला, ओल्या बुटांनिशी,
वाचून हसला.
"मावशी, छान म्हणजे किती सेंटिमीटर?
दिव्याखाली फोटो काढू नकोस, कार्डाला कावीळ झाल्यासारखी दिसते.
खिडकीत ठेव. पाठ दाखव. कोपरा दुमडलाय ना,
मग कोपराच दाखव.
आणि वाजवून बघ गं एकदा.
लोक आवाज शोधतायत, तू त्यांना मांजर विकतेस."

डिसेंबरात आमच्याकडे उजेड अकरा ते दोन, तोही उसना.
तेवढ्यात फोटो. उरलेला अंधार ऐकायला.
मोजणीची जुनी वही काढली,
'वजन' खोडून 'दोष' लिहिलं.

सतरा : चाळिसाव्या सेकंदाला सुई उडी मारते,
नवरानवरी एकच गिरकी दोनदा घेतात.
तेवीस : मध्येच चाल मंदावते,
जणू गाणारीला आठवलं, गॅस चालू राहिलाय.
एक्केचाळीस : गाण्याआधी चार सेकंद
एक माणूस घसा खाकरतो. "हाल्श्का," म्हणतो.
पुढचं बोलत नाही.
मग अ‍ॅकॉर्डियन.

होतं तसं लिहिलं. अवस्था : बरी.
एक्केचाळीस अकरा मिनिटांत गेलं, थेट होबार्टला,
चौदा झ्लॉटींचं कार्ड साठला.
दुसऱ्या दिवशी तिघांनी विचारलं,
आणखी कुणी खाकरतं का?

खाकरणारे संपले.
शिंकणारा एक होता, तोही गेला.
पाठीमागे दार आपटल्याचे नव्वद आले.
राहिली ती स्वच्छ कार्डं, सरळ, निर्दोष.
त्यांना कोण विचारतो.

अठ्ठावन्न त्यातलंच.
एका रात्री त्याच्याखाली लिहिलं,
"सूर संपल्यावर, लांबून, एक बाई हसते."
लिहिताना हात कापला नाही.
हे मला नंतर खुपलं.

बर्गेनच्या ओद्वार नावाच्या माणसाने घेतलं.
दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून पाठवलं.
नवव्या दिवशी निरोप :
"ऐकली. अगदी शेवटी. बायकोलाही ऐकू आली.
फार दिवसांनी आम्ही दोघं एका यंत्रापाशी वाकून बसलो."
पाच तारे.

मी त्याला खरं काय ते कळवलं. पैसे परत केले.
त्याने ते पैसे उलट टपाली पाठवून दिले,
सोबत एकच ओळ :
"तुम्ही नीट ऐकलं नसेल."

तीस वर्षं. एक पोतं नाही.
आता रात्री अंथरुणात आठवून बघते,
सूर संपला, मग मी सुई उचलली.
लगेच उचलली?
सुई झिजू नये म्हणून मी नेहमीच घाई करते.
कार्ड बर्गेनला. विचारायचं कुणाला?

सध्या त्रेसष्ट लावलंय. समोर गुलाब.
खाली लिहिलंय : फक्त गाणं.
शेवटच्या खाचेपर्यंत ऐकलं, दोनदा. कुणी नाही.

तीन महिने झाले, चिटपाखरू फिरकलं नाही.
कायेतान म्हणतो, वाक्य बदल.
वाक्य राहू दिलं.
किंमत दोन झ्लॉटींनी वाढवली.