बिनकागदाचा डेंट

इथं रास अल खैमात कागदाशिवाय
पत्र्याला हातोडी लावायची नाही.
साधा ओरखडा असला तरी पोलिसाचा कागद आधी :
चूक नसेल त्याला हिरवा,
चूक असेल त्याला लाल.
एकवीस वर्षं मी आधी रंग बघतो, मग डेंट.

मंगळवारी क्रेनवरून उतरली
ती पोलिसांचीच गाडी.
बोनेट उलट्या छत्रीसारखं,
उजवा दिवा गायब,
जाळीत अडकलेल्या लसूणघासाच्या ओल्या काड्या.
सवयीनं हात पुढे केला. कागद?
क्रेनवाला हसला : मुकादम,
कागद देणाऱ्याला कागद कोण देणार?

गवत गुलजमानचं.
पहाटे दिगदाग्याच्या मळ्यांतून पिकअप भरून निघतो तो
बकऱ्यांच्या बाजाराला.
काळ्या काचांची एक निस्सान सिग्नल तोडून गेली,
तिच्यामागे ही, सायरन लावून,
आणि गोल चौकात गुलजमान
आपल्या लेनमध्ये, चाळीसच्या वेगात.
मांडीचं हाड दोन ठिकाणी.
काळ्या काचांचं पोरगं घरी पोचून जेवलं.
त्याचा नंबर कॅमेऱ्यात आधीच आला होता.

कुंपणानं शेत खाल्लं असं मी म्हणणार नाही.
रस्त्यावरचं गवत शेवटी बकऱ्यांनीच खाल्लं.

आणि दुसरी बाजूही मला ठाऊक आहे.
एका उन्हाळ्यात माझ्या शेडमधला कंप्रेसर चोरीला गेला,
तेव्हा असाच सायरन वाजत गेला होता
आणि मी दारात उभा राहून ओरडत होतो,
धरा, सोडू नका त्याला.
वाटेत कोण होतं
ते मी विचारलं नाही.

पत्र्याला बाजू घेता येत नाही.
तो एवढंच सांगतो : या कोनातून, इतक्या जोरानं.
ह्या बोनेटवरून तळवा फिरवला तेव्हा कळलं,
ब्रेक दाबला होता.
उशिरा, पण दाबला होता. नाक खाली दबून आत शिरलंय.
म्हणजे चालवणाऱ्याला गुलजमान दिसला होता.
हे बरं की वाईट
ते माझं अजून ठरत नाही.

बुधवारी खात्याचं पत्र आलं. दुरुस्त करा.
कागद पांढरा.

गुरुवारी तो स्वतःच आला, हुमैद,
पांढऱ्या कंदुऱ्यात, स्वतःच्या गाडीनं.
मिसरूड नुकतं फुटलेलं, कपाळाला पाच टाके.
म्हणाला, येताना रडारनं फ्लॅश मारला,
सहाशे दिरहम गेले.
हसला. मीही थोडा हसलो, करक चहा मागवला.
मग कपात बघत विचारतो,
त्या पठाणाचा पाय कसा आहे?
मी म्हटलं, जाऊन बघा की.
चार नंबरचा वॉर्ड, खिडकीजवळ.

चहा संपला. कप कुठे ठेवावा ते त्याला कळेना.
म्हणाला, उस्ताद,
मला लाल कागद मिळाला असता
तर तो घेऊन गेलो असतो त्याच्याकडे.
आता काय घेऊन जाऊ?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॉलिश होतं.

शनिवारी गाडी गेली, वरून आरसा.
झाकण उचलून आतल्या पट्टीखाली कुणी बोट फिरवलं
तर हरभऱ्याएवढा एक खळगा लागेल.
पोर विसरलं असेल असं वाटेल बघणाऱ्याला.
मीच ठेवलाय.

गुलजमानची पिकअप शेडबाहेर उन्हात उभी आहे.
तिचा कागद आलेला नाही, मला हात लावता येत नाही.
मागच्या फळीच्या फटीत थोडं गवत राहिलंय.
रोज शटर उघडताना नजर जाते :
हिरवं म्हणावं तर आता हिरवं नाही,
आणि त्याला नाव देता येईल असा रंग
आमच्याकडच्या कुठल्याच कागदाला नाही.