उतरंड

ईरी सरोवरावरचा बर्फ अजून तडकलेला नाही.
स्वयंपाकघराच्या टेबलाशी लेलंड कुझमार्स्की,
चौतीस वर्षं स्काउट, आता दोन्ही गुडघे स्टीलचे,
वीजबिलाच्या पाठीवर
जनरल मॅनेजरांची उतरंड रचतो आहे.

पहिला टिबेट्स. दोन थकलेले पिचर देऊन
त्याने असा शॉर्टस्टॉप उचलला की शहर आठवडाभर झोपलं नाही.
दुसरा ओस्ट्रँडर, आकडे निवडायचा
तांदळातले खडे निवडावेत तसे.
तिसऱ्यापाशी पेन्सिल अडते.
काटकसरीने जिंकला तो मोठा,
की पैसा ओतून जिंकला तो?
फ्रिज तेवढा घुरघुरतो.
खोडरबराचा चुरा टोस्टच्या चुऱ्यात मिसळतो.

तळाला डेल मॅकिनर्नी. अठ्ठ्याण्णव पराभव,
आणि ज्या डावखुऱ्या खांद्यावर तिजोरी रिकामी केली
तो जूनमध्येच निखळला.
इथे वादच नाही.

लेलंड चष्मा काढतो.
एक एकोणीस वर्षांचा कॅचर होता, त्याला काढायचं ठरलं.
दुसऱ्या कुणी चिठ्ठी धाडली असती.
मॅकिनर्नीने सहा तास गाडी हाकली,
पोराच्या आईसमोर टोपी काढून बसला,
तिने वाढलेला पीच पाय संपवला,
मग सांगितलं.
लेलंड गाडीतच बसून राहिला होता.
त्या पोराचं नाव
त्यानेच सुचवलेलं.

यादीत खाडाखोड नाही.
फक्त कागद तो उलटा धरतो,
खालचं वर,
जरा वेळ.

मग पलटून बघतो:
बिलाची तारीख कालच उलटून गेलेली.