दर्जा

कागदावर शेवटचा रकाना: दर्जा.
एक ते पाच. प्रत्येक गावाला एकच आकडा.
खाडाखोड चालणार नाही, साहेबांनी बजावलं होतं.

पाजेला पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली.
म्वानाखामीस गुडघाभर पाण्यात वाकलेली,
खुंटीला सुतळी, सुतळीला समुद्रशेवाळाचे झुबके,
आणि तिच्या डोक्यावरून, पतंगाला लोंबकळत,
एक परका माणूस सर्रकन गेला.
"रोज जातो," ती मान वर न करता म्हणाली,
"कधी माझ्या दोऱ्यांत अडकतो.
मग सॉरी म्हणतो. स्वभावानं बरा आहे."

हॉटेलं मोजता मोजता दुपार कलली.
समुद्राच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून,
पोहायची तळी. त्यांतलं पाणी गोडं.
गावच्या विहिरीचं आता मचूळ लागतं,
चहात साखर जास्त घालतात.
टोमॅटो मुख्य भूमीवरून येतात, बर्फाच्या पेटीत,
आणि हिचा आमे, सोळा वर्षांचा,
इटालियनमध्ये भाव सांगतो, स्वाहिलीत शिव्या देतो,
घरी गप्प असतो.

पण छप्पर पत्र्याचं झालंय, हेही लिहा, ती म्हणाली.
धाकटी शाळेत जाते.
पायात बूट आहेत तिच्या.
लिहिलं.

मग रात्रभराची बोट, आणि पेम्बा.
माझं बेट. सरकारी कामाने आलो तर
बंदरही मला ओळख देईना.
रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंग वाळत टाकलेली,
जीपवाला तिला वळसा घालून जातो,
एवढा मान इथे अजून वाटेवरच्या धान्याला आहे.

कोंडेच्या पुढे डांबर संपतं.
तिथे बी झुवेनाच्या तीन खोल्या.
चादरी कडक, इस्त्रीच्या. उशीवर कोणाचं डोकं टेकल्याची खूण नाही.
शेवटचा पाहुणा डेन्मार्कचा,
वटवाघळं बघायला आलेला,
दोन दिवस राहिला, ताप घेऊन गेला.
"लिहा तुमच्या कागदात," ती म्हणाली, "मच्छरदाणी नवी आहे.
मिझाने पैसे पाठवले."

मिझा कुठे असते?
"पाजेला. चादरी बदलते. दिवसाला बावीस खोल्या."

मी पेन खाली ठेवलं.
आता ही मच्छरदाणी कोणत्या गावात मोजायची?
मिझाची कंबर कोणत्या?

साहेब म्हणतील, एवढा विचार कशाला, सरासरी काढू.
सरासरी काढली तर ती पडते
दोन बेटांच्या मधल्या पाण्यात,
जिथे बोट सगळ्यात जास्त हलते
आणि कोणीच राहत नाही.

निघताना बी झुवेनाने वही पुढे केली.
मी पाहुणा नाही हो, म्हटलं.
"रात्री झोपलास ना? मग भर."
नाव. मकामे वुआई.
देश.
माझं गाव इथून दोन तासांच्या चालीवर,
तरी त्या शब्दापाशी मी बराच वेळ अडलो,
शेवटी गावाचंच नाव लिहिलं.
अभिप्राय.
तिने कळशीतून पेला भरून दिला होता, तो मी रिकामा केला
आणि लिहिलं: पाणी गोड आहे.

तिने वाचलं, दोनदा.
"एवढंच?" म्हणाली.