इतिवृत्त, टॅमरॅक पॉइंट

लिफाफा मंगळवारी आला, जाडजूड, कडेला ओल धरलेला.
रस्त्यावर अजून कमरेएवढा बर्फ.
पोस्टमन लुडविग म्हणाला, "राजधानीहून प्रेमपत्र."
एकशे बेचाळीस पानं.
मी गावची कारकून, आठवड्याला बावीस तासांची.
बाविसातले नऊ तास त्यातच गेले.

कायद्यातली क्रियापदं भविष्यकाळात चालतात.
गाव पुरवील. गाव बसवील. गाव कळवील,
नव्वद दिवसांच्या आत.
सहाशे अकरा माणसांच्या गावाला
एवढा भविष्यकाळ आजवर कुणी दिला नव्हता.
शाळा बंद झाली तेव्हाही एक पत्र आलं होतं,
ते सगळं भूतकाळात होतं.

सभेला चौतीस घडीच्या खुर्च्या उघडल्या.
पान अठ्ठ्याऐंशी:
पवनचक्कीची उंची, घरापासूनचं अंतर
यापुढे राज्य ठरवील.
गाव अभिप्राय देईल.

दोन हिवाळे आम्ही ते अंतर मोजत होतो.
डेल्फिन रुसो दोरीचं टोक धरायची,
तिचा नवरा गोठलेल्या मातीत खुंट्या ठोकायचा,
वाकायच्या, तो पुन्हा ठोकायचा.
हात वर करून मंजूर केलेला तेरा पानांचा नियम;
त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्याही आमच्याच.
आता तो नियम
"विसंगत असेल तितक्या मर्यादेपर्यंत" रद्द.
डेल्फिननं विचारलं, म्हणजे कितपत?
वकील फोनवर होता, तासाला अडीचशे डॉलर,
म्हणून आम्ही लवकर गप्प झालो.

पान एकशे तीन: सांडपाण्यातला फॉस्फरस.

मागच्या रांगेत एइनार सालमेला बसला होता.
एकतीस वर्षं तो पहाटे पाचला तळ्याकाठच्या शेडमध्ये जातो,
बाटली बुडवतो, वहीत आकडा लिहितो.
वही वाचणारा आजवर तो एकटाच.
त्यानं एकदा गाळणयंत्र मागितलं होतं.
मतदान झालं, दोन मतांनी हरला.
त्यातलं एक मत माझं.
पुढच्या ऑगस्टमध्ये तळ्यावर हिरवी साय धरली,
मासे काठाला पोटं वर करून आले,
आणि आम्ही पोरांना सांगितलं, उन्हानं होतं असं.

आता गाव गाळील.
पैसे कुठून, ते पान मला सापडलं नाही,
परिशिष्टातही नाही.
माझ्या हिशेबानं घरामागे महिना एकोणीस डॉलर.
मर्टल ओबर्ग, वय त्र्याऐंशी, उठून पुढे आली,
पर्समधली चिल्लर टेबलावर ओतली,
म्हणाली, "कायद्याला सांग, मोजून घे."
कुणी हसलं नाही.
रुसोंचं कुत्रं उठून दाराशी जाऊन बसलं.

मी एइनारला म्हटलं, तू तरी खूश असशील.
तो बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिला.
"आकडा बरोबर आहे त्यांचा," म्हणाला.
"पण मला तो तुमच्याकडून हवा होता."

हे मी लिहून घेतलं नाही.
इतिवृत्तात असतं ते असं:
मंडळाने नोंद घेतली. चर्चा झाली.
सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.
मर्टलची चिल्लर मी तिच्या पर्समध्ये परत भरली;
एक नाणं घरंगळून हीटरखाली गेलं,
ते अजून तिथेच असेल.

बाहेर वारा सुटला होता,
कुणाच्या अखत्यारीतला, सांगता येत नाही.
खुर्च्या मिटून दिवा मालवला तेव्हा
तळ्याकडून पंपाची घरघर येत होती.
एइनारची गाडी घराच्या वळणाशी थांबली,
मग सरळ तिकडेच गेली.