उलटं अक्षर

आमचं आडनाव पोतनीस.
कुणा पूर्वजाकडे होळकरांच्या खजिन्याच्या किल्ल्या होत्या म्हणे.
बाबांकडे एक कोरणी होती,
तीही संध्याकाळी मोजून परत द्यावी लागे.

सकाळी सहा दहाला रामबागेच्या कोपऱ्यावर
देवासच्या छापखान्याची बस.
डब्यात पोळी, सुकी भाजी, शेव वेगळ्या पुडीत,
कारण फाटकावरचा शिपाई
भाजीतसुद्धा चमचा फिरवून बघायचा.
शाळेच्या फॉर्मवर, वडिलांचा व्यवसाय, या रकान्यात
आई लिहायची : सरकारी नोकरी.
शेजारच्या टिल्लूकाकांना वीस वर्षं वाटत होतं
अच्युतराव सोयाबीनच्या कारखान्यात आहेत,
आणि ते बाबांना तेलाचे भाव विचारायचे.
बाबा सांगायचेही.

तळहाताएवढा पोलादी पत्रा.
दिवसाला तीन रेघा, कधी दोन,
भिंगाखाली, श्वास धरून.
चुकली तर खोडरबर नाही.
हात थरथरू नये म्हणून चहा सोडलेला,
आणि इंदुरात चहा नको म्हणणारा माणूस
लग्नकार्यात गर्विष्ठ ठरतो.

एकदा वरून हुकूम आला :
नोटेच्या मागे समुद्र हवा, एक होडी.
बाबांनी समुद्र पाहिला नव्हता.
साहेबांनी फोटो दिले, ते त्यांनी खणात ठेवले.
ते वर्षभर बसमध्ये डाव्या खिडकीशी बसले,
क्षिप्रेचा पूल आला की पेपर मिटायचा.
फेब्रुवारीतलं पाणी,
वाऱ्यानं जेमतेम सुरकुतलेलं, मधोमध एक म्हैस.
म्हैस तेवढी वगळली.
देशभर लोकांनी खिशात घालून फिरवला तो समुद्र
पुलावरून दिसतो, अर्धा मिनिट,
ड्रायव्हर घाईत नसला तर.

सही मात्र गव्हर्नरची.
गव्हर्नर बदलला की बाबा नवी सही शिकायचे,
तिचे झोके, तिची तुटकी शेपटी,
आणि ती उलटी कोरायचे,
पत्र्यावर उलटं तेच कागदावर सुलटं.
धारकाला दिलेल्या वचनाखाली
माणसं चार झाली, हात एकच.
त्याच सुमारास सियागंजच्या सहकारी बँकेनं
त्यांचा चेक परत केला,
सही जुळत नाही.
ते जेल रोडपर्यंत एकटेच हसत आले.
आई चिडली. विजेचं बिल राहिलं होतं.

सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस घेताना
दुकानदारानं ती नोट तेलकट बोटांनी चुरगाळली
आणि गल्ल्यात कोंबली.
मी बाबांकडे पाहिलं.
ते म्हणाले, खा, गार होतोय.

निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, बंद पडलेलं.
पुढे ती नोटही बंद झाली.
एक मी ठेवून घेतली होती,
वाण्याकडून भिंग आणून
लाटेलाटेतून शोधलं,
कुठेतरी बारीक अ. पो. असेलच.
बाबा आरामखुर्चीतून बघत होते.
सापडलं?
नाही.
मग बरोबर आहे, म्हणाले,
आणि पुन्हा शब्दकोड्यात शिरले.

त्यांची वाचा गेली ती दिवाळीनंतर.
उजवा हातही गेला.
मी भाचीची पाटी दिली,
डाव्या हातानं त्यांनी काहीतरी गिरवलं,
पुसलं, पुन्हा गिरवलं.
डॉक्टर म्हणाले, मेंदूत अक्षरं विस्कटलीत,
त्रास देऊ नका.
रात्री मी पाटी उचलून
न्हाणीघराच्या आरशासमोर धरली.
वळणदार. सरळ ओळीत.
एकही रेघ वाया न गेलेली :

पंखा कुरकुरतो. तेल घाला.

मी स्टूल शोधायला गेले.