रकाना सात

मोन्तेविदेओत जुलै म्हणजे ऐन थंडी.
नदीवरचा वारा ग्रंथालयाच्या तळघरापर्यंत उतरतो,
कुणाला न विचारता.
तिथं माझी खिडकी: कवितांची नोंदणी,
सोमवार ते गुरुवार, दुपारी एकपर्यंत.

सुल्मा एचेवेरी आली. काखेत थर्मास,
आणि एकेचाळीस कविता
लाँड्रीच्या पावत्यांच्या पाठीवर.
पुढच्या बाजूला: दोन चादरी, एक कोट, डाग निघाला नाही.

म्हटलं, बाई, प्रत्येक पानावर सही लागेल.
विसाव्या सहीनंतर तिचं आडनाव सैल पडत गेलं,
शेवटी शेवटी नुसती एक रेघ,
इस्त्री फिरावी तशी.

कशासाठी नोंदवताय, हे विचारणं माझं काम नाही.
तिनंच सांगितलं. जावई.
लग्नाबारशात उठून म्हणतो, स्वतःच्या म्हणून.
टाळ्या पडतात तेव्हा ही आत ताटं विसळत असते.
"त्याचंही काही नाही हो. पण मेला तिसरी ओळ गाळतो."

रकाना सात: कृतीत अन्य कोणाचा मजकूर आहे काय?
इथं सगळे 'नाही' लिहितात. न वाचता.
सुल्माचं पेन तिथं अडलं.
थर्मास उघडला, बंद केला.
"एकोणिसावीत एक ओळ आहे," म्हणाली,
"ती माझी नाही. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी सोबत तेल्मो. गमबूट, मासळीचा वास.
मी ओळ वाचून दाखवली:
*एवढ्या पाण्याला आपण नदी म्हणतो, आणि मग काठ शोधत बसतो.*
"हे मी म्हणालो? मी भाव सांगत असेन."
टोपी काढली. पुन्हा वाचा, म्हणाला.
"आधीची ओळ कुणाची? नंतरची?"
"माझ्या."
"मग हीपण घे की. एकटी काय करेल माझ्याकडे, बर्फावर?"
"तुझी ती तुझी."
"अगं, घे."
"नाही."
मागं रांग वाढत होती. कुणीतरी खोकलं.

शेवटी मीच लिहिलं: ओळ आठवी,
तेल्मो व्हिएरा, मासेविक्रेता, तोंडी.
त्यानं सही केली, आणि कागदाच्या कडेला
एक खवला चिकटून राहिला.
नियमावलीत खवल्याविषयी काही नाही.
मी त्याच्यावरच शिक्का मारला.

जाता जाता सुल्मा वळली:
"आता जावयाचं काय करता येईल?"
मी सांगितलं: दावा, वकील, दीडेक वर्षं.
"आणि तिसरी ओळ? ती म्हणायला लावता येईल?"
मी कलम शोधलं. चष्मा पुसून पुन्हा शोधलं.
बहुतेक येईल, म्हटलं.
"मग झालं."

तीन नंबरच्या कपाटाला तेव्हापासून वास येतो.
साहेबांनी परवा विचारलं, आत काय आहे?
मी नोंदवही उघडली, रकान्यावर बोट ठेवलं
आणि जे लिहिलं होतं ते वाचलं:
अप्रकाशित.